सत्तरीतल्या आईला लघवीसाठी सोलिफेनासिन सुरू केलंय, तोंड फार कोरडं पडतंय. बंद करावं का?

आईंचं वय ७२, रात्री चार-पाचदा उठावं लागतं म्हणून ५ मिग्रॅ सुरू झाली आणि आज आठवा दिवस, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. औषधाचं दुकान चालवतो, आणि याच जातीची ऑक्सिब्युटिनिन ही जुनी गोळी माझ्या वडिलांना होती.

मूत्राशयाला 'आवळ' असा निरोप देणारं ॲसिटिलकोलिन ही गोळी अडवते. पण लाळ, आतडी, डोळे, घाम यांनाही निरोप त्याचाच. त्यामुळे तोंड कोरडं पडणारच. अण्णांना भाकरीच्या प्रत्येक घासाला ताकाचा घोट लागायचा. तेवढ्यासाठी घाईने बंद करू नका, पुरता गुण यायला चारेक आठवडे लागतात. पोट मात्र रोज साफ होतंय ना ते विचारा. आई आपणहून सांगत नाहीत.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. एका रात्री अण्णा पलंगावर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होते. विचारलं तर म्हणाले, "शेंगा निवडतोय." सर्दी झाली म्हणून त्यांनी दोन दिवस क्लोरफेनिरामिनची गोळी घेतली होती, तीही माझ्याच दुकानातली! तीही हाच निरोप अडवते. दोन्हींचा भार डोक्यावर गेला. धोतऱ्याने माणूस बरळतो, त्यामागेही ॲट्रोपिनसारखी हीच द्रव्यं असतात. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या थांबवल्या, तिसऱ्या दिवशी अण्णा पेपर वाचत होते.

म्हणून आईंच्या गोळ्यांचा अख्खा डबा डॉक्टरांपुढे ठेवा. पोटात मुरडा आला की घेतात ती डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा नसांसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, कंपवाताची ट्रायहेक्सिफेनिडिल, सगळ्या एकाच माळेतल्या. काचबिंदू असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा; अरुंद कोनाच्या प्रकारात ही गोळी चालत नाही. घाम कमी येतो, तेव्हा भर उन्हात बाहेर पाठवू नका.

लघवी अडली, अचानक डोळा दुखून धूसर दिसू लागलं किंवा आई असंबद्ध बोलू लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोरड सोसवेनाच, तर मिराबेग्रॉन या लघवीच्याच दुसऱ्या औषधाबद्दल विचारून पाहा. त्याची तऱ्हा निराळी, तोंड फारसं सुकत नाही, पण बीपी तपासत राहावं लागतं.

आणि हो, संध्याकाळी सातनंतरचा चहा चालू आहे का?