नवीन डॅशबोर्ड पॅड जुन्या गाडीवर बसत नाही. हॉट एअर गन मारून ओढून बसवला तर चालेल का?

नाही चालणार. आज बसेल आणि एप्रिलमध्ये परत उचलेल.

तुम्ही लिहिलंय की पॅड, म्हणजे डॅशबोर्डच्या पत्र्यावर बसणारं मऊ आवरण, दोन्ही टोकांना कमी पडतोय, मागचे दोन बोल्ट भोकांत जात नाहीत, मध्ये फुगा राहतोय आणि सीटवाला म्हणतोय, “गन मारली की बसतंय सगळं.” नाशकात द्वारकेपासून सातपूरपर्यंत कुठल्याही कुशनवाल्याकडे जा, हेच वाक्य ऐकायला मिळेल. या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून उत्तर लांबणार.

गाडी कुठली ते लिहिलं नाहीत, पण रोग सगळ्यांचा सारखाच. मूळ साचा आता कुणाकडेच नसतो. नवा पॅड करणारा एखाद्या गाडीतून निघालेला जुना पॅड घेतो आणि त्यावरून फायबरचा साचा काढतो. तो जुना पॅड तीस-चाळीस वर्षं उन्हात वाळलेला असतो. पीव्हीसीतलं मऊ ठेवणारं तेल उडालेलं असतं, कातडं आखडलेलं असतं. म्हणजे साचाच मुळात आखूड. त्यातून निघालेला माल थंड होताना आणखी थोडा आखडतो. सव्वा मीटर लांबीत अर्धा टक्का गेला तरी सहा मिलिमीटर गेले. शिवाय पाठीमागचा फोम नीट छाटलेला नसतो, म्हणून मध्ये फुगा. आणि बोल्ट नुसते चिकटवलेले असतात, तेही अंदाजाने.

आता तुमचा जुना पॅड कुठे आहे? भंगारात दिला नसेल तर अजिबात देऊ नका. बऱ्याच जुन्या पॅडच्या पोटात पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा सांगाडा असतो. त्याचे बोल्ट जागच्या जागी असतात आणि त्याची गोलाई तुमच्याच गाडीच्या काचेची असते. माझ्या मते नव्या पॅडमधली कामाची वस्तू एकच, वरचं कातडं. सांगाडा जुनाच वापरायचा.

नाशिकमधल्याच एका गाडीचं उदाहरण देतो. पॅड मुंबईहून आणलेला, लांबीला आठ मिलिमीटर कमी. सीटवाल्याने गन मारून ओढला, सोल्युशन (चिकटवायचं) लावून दाबला, डिसेंबरात गाडी दिली. दिसायला झकास. गरम करून ताणलेल्या पीव्हीसीला पुन्हा ऊब मिळाली की ते आपल्या मूळ मापावर जायला बघतं, आणि नाशिकचा मे महिना ती ऊब फुकट देतो. बाहेर चाळीस अंश असताना बंद गाडीत काचेखालचा पृष्ठभाग सत्तरच्या पुढे सहज जातो. दोन्ही कोपरे पिलरपासून, म्हणजे काचेच्या बाजूच्या खांबांपासून, सुटले, काचेच्या बाजूची कड उलटी वळली आणि जिथे गन जास्त वेळ धरली होती तिथे कातड्यावरचा दाणेदार पोत जाऊन चकचकीत डाग उरला. तो डाग कशानेच जात नाही. सीटवाल्याचं म्हणणं, सोल्युशन नकली निघालं. सोल्युशन नकली नव्हतं, चुकीचं होतं. साधं रबर सोल्युशन मऊ पीव्हीसीवर टिकत नाही. पीव्हीसीतलं तेल हळूहळू त्यात उतरतं आणि त्याचा चिकट लगदा होतो.

त्या पॅडचं पुढे काय केलं, तेच तुम्हीही करा. कातडं सोडवलं, जुना सांगाडा घासून त्यावरचा गंज काढला, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा रंग) मारलं. नव्या पॅडचा फोम पाठीमागून कमी केला. हे डोळ्याने होत नाही. सांगाड्यावर खडूची पूड चोळायची, पॅड दाबून उचलायचा. जिथे पांढरं लागलं तिथे फोम जास्त. लाकडी ठोकळ्यावर 80 नंबरचा पॉलिश पेपर लावून तेवढंच घासायचं, एका वेळी मिलिमीटरभर. परत खडू, परत दाबणं. सगळीकडे सारखं पांढरं उमटेपर्यंत कंटाळायचं नाही. फोमची धूळ वाईट असते, तोंडाला मास्क हवा.

लांबीचं गणित मधूनच करायचं. डॅशच्या पत्र्यावर आणि पॅडवर मास्किंग टेपने मध्यरेषा मारा, दोन्ही जुळवा, मगच टोकांकडे बघा. सहा मिलिमीटर कमी असेल तर दोन्हीकडे तीन-तीन जाऊ द्या. तेवढं पिलरच्या पट्टीखाली किंवा बीडिंगखाली लपतं. एक टोक बरोबर बसवून सगळी चूक दुसऱ्या टोकाला ढकललीत तर हवेच्या जाळीची खाचसुद्धा सरकते.

जुना सांगाडा गेलाच असेल तर बोल्ट हलवा, पण डॅशच्या पत्र्याची भोकं मोठी करू नका. पत्रा मूळचा आहे, पॅड उद्या दुसरा येईल. पुठ्ठ्यावर पत्र्याची भोकं उतरवून घ्या, नव्या पॅडचे चुकीचे बोल्ट कापा. एक मिलिमीटर पत्र्याचे तीन सेंटिमीटरचे चौकोन, प्रत्येकावर एम 5 (पाच मिलिमीटर जाडीच्या) बोल्टचं डोकं वेल्ड. अंबडमधला कुठलाही छोटा फॅब्रिकेशनवाला हे करून देईल. पुठ्ठ्याच्या मापाने ते इपॉक्सी आणि फायबर मॅटच्या दोन थरांत पॅडच्या पाठीवर बसवा आणि चोवीस तास हात लावू नका. त्याआधी पाठीचं प्लास्टिक ओळखा. त्याचा एक छिलका काढून ग्लासभर पाण्यात टाका. बुडाला तर बहुधा एबीएस किंवा फायबर, पेपर मारून इपॉक्सी धरेल. तरंगला तर पॉलिप्रोपिलीन, त्यावर इपॉक्सी सोलून निघतं, तिथे चौकोन रिव्हेटनेच धरायचे. एबीएस थिनरने पुसू नका, विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

बसवताना खालून पंचवीस मिलिमीटरचे मोठे वॉशर घाला. नट मधून टोकांकडे, हाताने घट्ट आणि मग पान्याने अर्धा फेरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा. जास्त आवळलंत तर उन्हाळ्यात वरच्या बाजूला खळगे दिसतात.

चिकटवण्यासाठी पीयू (पॉलियुरेथेन) सोल्युशन आणा. चपला-बुटांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, पीव्हीसीच्या तळांना तेच लावतात. फक्त काठाच्या घडीला लावायचं, सगळ्या पॅडला नाही, नाहीतर पुढच्या वेळी फाडूनच काढावा लागेल. दोन्ही बाजूंना पातळ हात, डब्यावर लिहिलंय तेवढं वाळू द्या, मग दाबा. पावसाळ्यात हे काम टाळा, दमट हवेत सोल्युशनवर पाणी धरतं. जानेवारीच्या सकाळीही नको, कातडं घडीवर तडकतं.

गनचं म्हणाल तर ती मला वर्ज्य नाही. घडी वळवायला आणि खोक्यात दबून आलेला बाक काढायला ती लागतेच. वीतभर लांब धरा, सतत हलवत ठेवा, शक्यतो पाठीमागून मारा. कातड्यावर तळहात टेकवता आला पाहिजे. ओलं सोल्युशन जवळ असताना तर मुळीच नको, त्याची वाफ पेट घेते. माप वाढवायला मात्र गन नाही, हे कुणी कितीही वर्षं धंद्यात असो.

हवेच्या जाळीची खाच पाठीमागून नव्या ब्लेडने फुलीसारखी कापा आणि दीड सेंटिमीटर घडी आत वळवा. होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) गोल उडवलेली खाच पुढे काठाने फाटते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. समोरची काच रंगकामासाठी वगैरे निघणार असेल तर पॅड तेव्हाच बसवा, काच जागेवर असताना पुढच्या कडेला हातच पोचत नाही. स्वस्त पॅड गाडीत घालण्याआधी आठवडाभर कडक उन्हात ठेवा, नाहीतर त्यातून उडणारं तेल काचेवर आतून धुक्यासारखं बसतं. सिलिकॉन पॉलिश काम संपेपर्यंत लांब ठेवा, त्यावर काही चिकटत नाही. परदेशातून मागवलेला असेल तर तो डाव्या स्टिअरिंगचा तर नाही ना, हे आधी बघा. तसा असेल तर वरचं सगळं विसरा. आणि परत पाठवायचा विचार असेल तर पॅड मध्यरेषेवर ठेवून, दोन्ही टोकांना पट्टी लावून फोटो काढा आणि ब्लेडला हात लावण्याआधीच विकणाऱ्याला पाठवा. एकदा कापलेला पॅड कुणी परत घेत नाही.