रॉकफेलर : खडक नव्हे, रायचं शेत

प्रश्न असा आला आहे : पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा इतिहास वाचताना रॉकफेलर फाउंडेशनचं नाव दिसलं. रॉक म्हणजे खडक आणि फेलर म्हणजे पाडणारा, तर हे आडनाव आपल्या पाथरवटासारखं धंद्यावरून पडलेलं आहे का? आणि मराठीत रॉकफेलर लिहावं की रॉकेफेलर?

पुण्यातला संबंध खराच आहे. ही संस्था 1952 साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने. आजचं नाव तिला 1978 मध्ये मिळालं. त्यामुळे पुण्याच्या कानाला हा शब्द जुना आहे, आणि इंग्रजीच्या सवयीने आपण त्यात खडक ऐकतो. पण हे आडनाव इंग्रजी नाही, जर्मन आहे. जर्मनमध्ये 'रॉक' म्हणजे कोट किंवा झगा. खडकाला तिथे 'फेल्स' म्हणतात आणि दगडाला 'श्टाइन'. पाथरवटाचं आडनाव हवं असेल तर जर्मनांकडे 'श्टाइनमेट्स' आहे, 'श्टाइनहाउअर' आहे. रॉकफेलरचा त्या घराण्याशी संबंध नाही.

मूळ रूप आहे 'रॉकनफेलर', म्हणजे रॉकनफेल्ड गावचा. हे गाव जर्मनीच्या पश्चिमेला, ऱ्हाईन नदीकाठच्या नॉयवीड शहराजवळ, चढावरच्या रानात होतं. 'होतं' म्हणायचं कारण विसाव्या शतकात ते ओस पडलं. आता त्याची गणती उजाड गावांत होते. गावाच्या नावातला 'फेल्ड' म्हणजे शेत, आणि 'रॉकन' हे राय या धान्याच्या नावाचं जुनं रूप. आजच्या प्रमाण जर्मनमध्ये हाच शब्द 'रॉगन' असा लिहितात. 'रॉकन'चा दुसरा अर्थ सूत कातायची काठी असाही आहे. घोटाळा नको म्हणून धान्यासाठी 'ग'चं रूप रूढ झालं. गावाच्या नावात मात्र जुना 'क' टिकून राहिला. नावांचं हे नेहमीचंच आहे. भाषा पुढे सरकते, नाव मागच्या मुक्कामावर थांबतं.

इथे मराठी वाचकासाठी एक सावधगिरी. ही राय म्हणजे आपल्या फोडणीतली राई नव्हे. मोहरीशी तिचं काही नातं नाही. थंड, हलक्या जमिनीत जिथे गहू नीट येत नाही तिथे राय तग धरते, आणि तिची काळपट, किंचित आंबूस पावरोटी होते. कोकणातल्या डोंगरउतारावर नाचणीचं जे स्थान, साधारण तेच त्या भागात रायचं. तेव्हा गावाच्या नावाचा अर्थ 'रायचं शेत'. आपली तांदूळवाडी आठवा, म्हणजे हे नाव परकं वाटणार नाही.

आता शेवटचा 'अर', मला यातला सर्वात आवडता भाग. हा जर्मन प्रत्यय म्हणजे जवळजवळ आपला 'कर'. हँबुर्गचा तो हँबुर्गर, फ्रांकफुर्टचा तो फ्रांकफुर्टर. आणि 'कर'सारखाच तो दोन्हीकडे चालतो : आज तिथे राहणाऱ्यालाही लागतो आणि आडनाव होऊन पिढ्यान्‌पिढ्या चिकटूनही राहतो. म्हणजे रॉकनफेलर म्हणजे सरळ 'रॉकनफेल्डकर'. (म्यूलर, श्नायडर, बेकर यांतला 'अर' निराळं काम करतो. तो धंदा सांगतो : पिठाची गिरणी चालवणारा, शिंपी, भटारी. दिसायला सारखाच असल्यामुळे प्रत्येक जर्मन 'अर' म्हणजे गाव असं धरून चालू नये.)

या 'कर'मधून एक गोष्ट आपोआप कळते. वाईत सगळेच वाईचे, तिथे 'वाईकर' म्हणून कुणाला वेगळं काढता येत नाही. हे आडनाव उपयोगी पडतं ते माणूस वाई सोडून साताऱ्याला किंवा पुण्याला गेल्यावर. रॉकनफेल्डचंही तसंच. हे नाव पडलं तेव्हा नाव धारण करणारा माणूस चढावरून उतरून खालच्या गावांत येऊन राहिलेला असणार. रॉकफेलर घराण्याचे पूर्वज सापडतात तेही नॉयवीडच्या परिसरातल्या अशा खालच्या गावांत. अमेरिकेचं स्थलांतर फार पुढचं. आडनावात नोंदलेलं स्थलांतर त्याच्या आधीचं आहे, आणि ते बहुधा पायी उरकेल एवढंच होतं.

'फेल्डर'चा 'फेलर' कसा झाला? 'ल्ड'मधला 'ड' शेजारच्या 'ल'मध्ये विरघळला आणि 'ल्ल' झाला. आपल्याला हे नवं नाही. संस्कृत 'भक्त' (म्हणजे अन्न) प्राकृतात 'भत्त' झाला आणि मराठीत 'भात'. 'सप्त'चा 'सत्त' आणि मग 'सात'. दोन व्यंजनं एकमेकांना खेटून आली की एक दुसऱ्याला आपल्यासारखं करून घेतं. तोंडाची ही सवय ऱ्हाईनकाठी आणि गोदाकाठी सारखीच. 'रॉकन'मधला 'न'ही बोलण्यात गळला. ऱ्हाईनकाठच्या बोलींत शब्दाच्या अखेरच्या 'अन'चा नुसता पुसट 'अ' उरणं अगदी रोजचं आहे. तेव्हा 'रॉकनफेल्डर', 'रॉकनफेलर', 'रॉकफेलर' या पायऱ्या जर्मन तोंडातच घडू शकतात. त्यासाठी अमेरिकन कारकुनाला दोष द्यायची गरज नाही.

कारकुनाचा विषय निघालाच आहे तर तोही निपटू. परदेशातून आलेल्यांची नावं न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, बदलली, असं सर्रास सांगतात. ते बेट उघडलं 1892 मध्ये. अमेरिकेतला मूळपुरुष योहान पेटर रॉकफेलर 1723 च्या सुमारास आला आणि न्यू जर्सीत शेतीभातीला लागला. फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून राजनिष्ठेच्या शपथेवर सह्या घेणं सुरू झालं ते 1727 पासून, म्हणून त्या प्रसिद्ध याद्यांतही त्याला शोधू नये. न्यू जर्सीतल्या एका दफनभूमीत त्याच्या स्मरणार्थ दगडी स्तंभ उभा आहे. स्टँडर्ड ऑइलचा संस्थापक जॉन डेव्हिसन रॉकफेलर याने, योहान पेटरचा थेट वंशज म्हणून, तो 1906 मध्ये उभारला. योहान पेटर 1723 च्या सुमारास जर्मनीहून आला आणि त्याने कुटुंबासाठी व शेजाऱ्यांसाठी ही दफनभूमी दिली, असं त्यावर कोरलेलं आहे.

'जर्मनीहून' हा शब्द महत्त्वाचा, कारण या आडनावाची एक फ्रेंच कथाही फिरत असते : दक्षिण फ्रान्समधलं 'रोकफय' नावाचं सरदार घराणं, धर्मछळामुळे जर्मनीत पळालं, आणि तिथे नावाचा अपभ्रंश झाला. मला ही कथा पटत नाही. फ्रेंच नावाच्या शेवटी 'य' आहे, त्यातून 'लर' उगवायला काही कारण दिसत नाही. शिवाय चढावर रॉकनफेल्ड नावाचं गाव होतं आणि पायथ्याला रॉकनफेलर नावाचे लोक होते, मग सरदार शोधत फ्रान्सला कशाला जायचं? श्रीमंत झालेल्या घराण्याला मागाहून तालेवार पूर्वज मिळणं आपल्याकडेही पुष्कळदा पाहायला मिळतं. रायच्या शेतावरून पडलेलं नाव मला त्याहून जास्त सुंदर वाटतं.

इंग्रजी कानाने मात्र या नावावर आपलं काम केलंच. त्याच न्यू जर्सीत 'रॉकफेलो' असं लिहिणारी शाखा आहे आणि तिथल्या हंटर्डन परगण्यात 'रॉकफेलोज मिल्स' नावाची जुनी वस्तीही आहे. 'फेलर'चा अर्थ लागेना, म्हणून ओळखीचा 'फेलो' बसवला. प्रश्नकर्त्याने खडक ऐकला तो याच वाटेने. याला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो. पियानोवाले 'श्टाइनवेग' अमेरिकेत आल्यावर 'स्टाइनवे' झाले, तिथे प्रकार थोडा वेगळा : 'वेग' म्हणजे वाट, तिचं सरळ इंग्रजी भाषांतर केलं आणि पुढचा दगड जर्मनच ठेवला.

राहिला लेखनाचा प्रश्न. रॉकेफेलर नको. इंग्रजी स्पेलिंगमधला 'ई' बघून तो 'के' येतो, पण असा उच्चार तिथे कुणी करत नाही. रॉकफेलर हेच लिहावं, फक्त वाचताना 'रॉक्‌-फेलर' असे दोन तुकडे करू नयेत. 'क'चा पाय मोडू नका, 'कमळ'मधल्यासारखा पूर्ण म्हणा : रॉ-क-फे-लर. तो 'क'मधला अ म्हणजे जुन्या 'रॉकन'चा उरलेला शेवट आहे.