‘कबूल करून सुटतो’ म्हणणाऱ्या मुलाला आधी थांबवा

प्रश्न: माझा मुलगा एच-१बी व्हिसावर ह्यूस्टनला नोकरी करतो. नवरा-बायकोच्या भांडणात शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले आणि सुनेला ढकलल्याच्या आरोपावरून तो सहा दिवस हॅरिस काउंटी जेलमध्ये आहे. जामीन ५,००० डॉलर ठरलाय. सून म्हणते, मला केस नको. आतल्या कोणीतरी त्याला सांगितलंय, गुन्हा कबूल कर, लगेच सुटशील. त्याला इन्सुलिन लागतं. त्या जेलमधल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून माझी झोप उडाली आहे. – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आजच्या आज मुलाला निरोप द्या: वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. काउंटी जेल शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, चालवतो आणि तिथले बहुतेक लोक खटला सुरू व्हायची वाट पाहणारे असतात, शिक्षा झालेले नव्हे. आतल्या हालांना कंटाळून माणूस कबुली देतो. या जेलांवरची माझ्या मते सर्वांत रास्त टीका हीच. अमेरिकन नागरिक त्यातून निदान घरी जातो. तुमचा मुलगा मात्र जेलच्या दारातून थेट इमिग्रेशनच्या ताब्यात जाऊ शकतो. घरगुती हिंसेची शिक्षा हे हद्दपारीचं कारण आहे. त्यातही फसवा प्रस्ताव म्हणजे ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’. कबुली द्या, ठराविक मुदत नीट वागा, केस निकाली. टेक्सासच्या लेखी ती शिक्षा नाही, पण इमिग्रेशन कायदा तिला शिक्षाच धरतो. कबुलीचे इमिग्रेशनवर होणारे परिणाम वकिलाने अशिलाला सांगितलेच पाहिजेत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावलंय. म्हणून क्रिमिनल वकील नेमाच, पण इमिग्रेशनचा वकीलही सोबत घ्या.

जामीन भरताना घाई नको. पूर्ण रोख भरली आणि मुलगा प्रत्येक तारखेला हजर राहिला, तर केस संपल्यावर पैसे परत मिळतात. बाँड्समनला (फी घेऊन जामिनाची हमी देणाऱ्याला) साधारण दहा टक्के द्यावे लागतात, ते गेले ते गेलेच. मात्र आयसीईने, म्हणजे इमिग्रेशनच्या अंमलबजावणी खात्याने, ‘होल्ड’ (सोडण्याऐवजी आमच्या ताब्यात द्या, अशी जेलला विनंती) टाकलाय का, हे वकिलाकडून आधी तपासून घ्या; तसं असेल तर जामीन भरूनही मुलगा घरी न येता त्यांच्या ताब्यात जाऊ शकतो. (२०१९ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तिथे बऱ्याच किरकोळ गुन्ह्यांत रोख जामीन लागेनासा झाला, पण घरगुती हिंसा त्या सवलतीत बसली नाही. मुलाला मुद्दाम अडकवलंय असं नाही.)

सुनेचं म्हणाल, तर आपल्याकडे नवरा-बायकोत समेट झाला की उच्च न्यायालयातून गुन्हा रद्द करून घेतात. तिथे फिर्यादी सरकार असतं. केस मागे घ्यायची की नाही, हे सरकारी वकील ठरवतो. सुनेशी संपर्क नको असा मॅजिस्ट्रेटचा आदेश निघालेला असू शकतो. तो वकिलाने वाचेपर्यंत मुलाने तिला फोन करू नये आणि तुम्हीही निरोप्या होऊ नका. ‘तिला समजाव ना’ एवढं वाक्यही साक्षीदारावर दबाव ठरू शकतं. जेलमधले फोन रेकॉर्ड होतात, आणि मराठीत बोललं तर कुणाला कळणार, या भ्रमात राहू नका.

आता इन्सुलिन. तुमची भीती निराधार नाही. २०२२ मध्ये त्या जेलच्या कोठडीत दोन डझनांहून अधिक माणसं दगावली, राज्याच्या जेल स्टँडर्ड्स कमिशनने किमान निकष मोडल्याचा ठपका ठेवला आणि मनुष्यबळ कमी म्हणून कैदी लुइझियाना, मिसिसिपीतही पाठवले गेले. त्यामुळे मुलगा नेमका कुठे आहे ते शेरीफच्या वेबसाइटवर नावाने शोधा आणि त्याचा एसपीएन नंबर (तिथला कैद्याचा ओळख क्रमांक) टिपून ठेवा, पुढे सगळीकडे तोच विचारतात. डॉक्टरची चिठ्ठी वकिलामार्फत जेलच्या वैद्यकीय विभागाला लेखी पोहोचवा. डोस चुकला तर मुलाने आतच लेखी ‘ग्रीव्हन्स’ (जेलकडे अधिकृत तक्रार) द्यावी आणि तारीख लक्षात ठेवावी. आत असताना फेडरल कोर्टात दाद मागायची तर ही पायरी आधी चढावीच लागते. कमिशनकडे तक्रार तुम्ही नाशिकहूनही करू शकता.

ह्यूस्टनला भारताचा वाणिज्य दूतावास आहे. भारतीय कैद्याने मागणी केली तरच जेल त्यांना कळवतं, म्हणून मुलाला मागणी करायला सांगा आणि तुम्ही भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करा. दूतावास सोडवून आणू शकत नाही, पण भेटू शकतो, विचारणा करू शकतो.

नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. तेवढ्याने तिथला मुक्काम आपोआप संपत नाही, पण बाहेर पडला तर परत शिरणं अवघड. दिवाळीचं तिकीट काढलं असेल, तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्याला विमानात बसू देऊ नका.