स्टीलचं भांडं फ्रीझरमध्ये किती वेळात गार होतं?

क्रीम फेटण्याआधी स्टीलचं भांडं फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवावं लागतं की १५ मिनिटं पुरतात, असं तुम्ही विचारलंय. पातळ पत्र्याचं, रिकामं आणि कोरडं भांडं असेल तर १५ मिनिटं भरपूर झाली.

१ किलो पाणी १ अंशाने गार करायला त्यातून सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, १ किलो स्टीलमधून जेमतेम ०.५. म्हणजे भांड्यात मुळात उष्णताच थोडी. वेळ लागतो तो हवेमुळे. फ्रीझरमध्ये उणे १८ अंश असले तरी स्थिर हवा उष्णता फार सावकाश ओढून घेते. त्यामुळे कुठला धातू किती सुवाहक, याला इथे फारसं महत्त्व नाही, जाडी बघा. बिडाच्या जड कढईला पाऊण-एक तास सहज लागतो. घाई असेल तर भांडं गोठलेल्या सपाट पाकिटावर टेकवून ठेवा आणि एकात एक भांडी घालू नका. आधी नीट पुसून घ्या, नाहीतर तळ फ्रीझरला चिकटतो. ओल्या हाताने तर मुळीच काढू नका, कातडी चिकटते.

गार झालंय का हे हात लावून ठरवू नये. धातू हातातली उष्णता झटकन खेचतो, त्यामुळे तो असतो त्याहून गार भासतो. मी भांडं बाहेर काढून मिनिटभर बघतो: बाहेरून पांढरं, कोरडं हिम धरलं तर ते शून्याखाली आहे, नुसतेच पाण्याचे थेंब जमले तर नाही.

पण माझ्या मते खरी मेख पुढेच आहे. जे लवकर गार होतं, ते लवकर तापतंही. ३०० ग्रॅमचं, उणे १८ अंशांचं भांडं घ्या आणि त्यात ८ अंशांचं अर्धा लिटर क्रीम ओता. हिशेब केला तर क्रीम फार तर २ अंशांनी उतरतं. क्रीम बाहेर राहून कोमट झालं असेल तर भांडं कितीही गारठवा, ते फुलणार नाही. म्हणून क्रीम आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा, फेटायची पाती भांड्याबरोबरच फ्रीझरमध्ये टाका आणि भांडं अगदी शेवटच्या क्षणी काढा. खोली गरम असेल तर फेटताना भांड्याखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवा. बर्फ वितळेपर्यंत ती थंडावा देत राहते.