दहा बाटल्या, एकच तळं

जीवसमुदायांची तुलना करताना होणारे तेच ते घोटाळे पत्रांतून पुन्हा येत आहेत, म्हणून ही उत्तरं.

एनएमडीएसमध्ये (जागांमधली अंतरं मोजक्या अक्षांच्या चित्रावर मांडणारी पद्धत) स्ट्रेस (चित्र मूळ अंतरांपासून किती ढळलं, त्याचं माप) ०.२५ आला. चालेल?

नाही. ०.२ च्या वर गेलं की दोन अक्षांच्या चित्रावर विसंबू नका. तिसरा अक्ष घेऊन बघा.

सगळे युक्लिडीय अंतरच (फूटपट्टीने मोजल्यासारखं सरळ अंतर) वापरतात, असं ऐकलं. बिघडतं काय?

ऐकीव गोष्टीवर विश्लेषण करू नका. पहिल्या जागी दोन प्रजाती, प्रत्येकी १. दुसऱ्या जागी त्याच दोन, पण प्रत्येकी ५. तिसऱ्या जागी भलतीच एक, संख्या १. पहिली-दुसरी यांतलं युक्लिडीय अंतर ५.६६, पहिली-तिसरी यांतलं १.७३. म्हणजे एकही सामाईक प्रजाती नसलेल्या जागा जवळच्या ठरल्या! ब्रे-कर्टिस हे ० (अगदी सारखे) ते १ (काहीच सामाईक नाही) असं वेगळेपणाचं माप अनुक्रमे ०.६७ आणि १ देतं.

एका प्रदूषित आणि एका स्वच्छ तळ्यातून दहा-दहा बाटल्या घेतल्या. परमॅनोव्हात (नमुन्यांची गटांत पुन्हा पुन्हा वाटणी करून गटांमधला फरक तपासणारी चाचणी) पी (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००१. प्लवकांतला फरक प्रदूषणामुळेच, असं लिहू ना?

मुळीच लिहू नका. प्रदूषण बाटलीला नाही, तळ्याला झालंय. त्यामुळे तुमच्याकडे प्रत्येक गटात एकच नमुना आहे. खोली, मासे, सावली यांमुळे कुठलीही दोन तळी वेगळी निघतीलच. परिसंस्थांचे अभ्यासक हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला छद्म-पुनरावृत्ती म्हटलं. इतकी वर्षं लोटली तरी प्रबंधामागून प्रबंध यातच अडकतात आणि विद्यार्थ्याचा अख्खा हंगाम वाया जातो, याचं मला फार वाईट वाटतं. बाटल्या वाढवून काही होणार नाही, तळी वाढवा. तीही किती, ते मोजा. तीन विरुद्ध तीन तळी घेतलीत तर त्यांच्या दोन गटांत वेगळ्या वाटण्या दहाच होतात, म्हणून पी ०.१ च्या खाली जाऊच शकत नाही, म्हणजे लक्षणीय ठरायला नेहमी लागणाऱ्या ०.०५ पर्यंत पोचतच नाही. चार विरुद्ध चारमध्ये ३५ वाटण्या, म्हणजे ०.०२९ पर्यंत वाव. हा हिशेब पाण्यात उतरण्याआधी संख्याशास्त्रज्ञासोबत बसून करा. नमुने गोळा झाल्यावर येणाऱ्यांना मी फारशी मदत करू शकत नाही.

परमॅनोव्हा लक्षणीय, म्हणजे समुदाय वेगळे?

कदाचित एका गटाचा विखुरलेपणाच जास्त असेल. गटांचे आकार असमान असतील तर हा धोका वाढतो. पर्मडिस्प (गटांचा विखुरलेपणा तपासणारी चाचणी) करा आणि दोन्ही निकाल जाणकाराला दाखवा.

एक जण पैसे घेऊन ‘लक्षणीय निकालाची हमी’ देतोय.

पैसे देऊ नका. विदा न बघता हमी देणारा पी खाली येईपर्यंत अंतराची मापं बदलत बसणार. त्यापेक्षा विद्यापीठातल्या संख्याशास्त्र विभागात विचारा.