बुद्धिमत्तेचे सिद्धांत आणि मोबाइलवरचा तो ८८

प्रिय विद्यार्थिनी,

अंबाजोगाईहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. बारावी आर्ट्सला मानसशास्त्र घेतलंस आणि बुद्धिमत्तेच्या प्रकरणात सगळे सिद्धांत एकमेकांत मिसळतात, ही पहिली तक्रार. दुसरी पत्राच्या शेवटी दबकत लिहिलीस: मोबाइलवर बुद्ध्यंकाची (आयक्यूची) चाचणी दिली, ८८ आला, आणि लातूरला नीटचे क्लास करणारा दादा म्हणाला, 'म्हणूनच तू आर्ट्सला.' दोन्हींचं उत्तर त्याच प्रकरणात आहे.

आधी परीक्षेचं. तू नावं आणि सन पाठ करतेस, म्हणून घोळ होतो. त्याऐवजी कोण कुणाशी कशावरून भांडला, ते बघ. स्पिअरमनला १९०४ मध्ये दिसलं, की एका विषयात पुढे असलेलं पोर बहुधा दुसऱ्या विषयातही पुढे असतं. त्यावरून त्यानं सगळीकडे कामी येणारा सामान्य घटक 'जी' मांडला आणि त्या त्या कामापुरता विशिष्ट घटक 'एस'. थर्स्टनला हे पटलं नाही. १९३८ मध्ये तो म्हणाला, एक नाही, सात प्राथमिक क्षमता आहेत. गिलफर्ड तर गुणाकारावरच उतरला: ५ क्रिया (बुद्धी काय करते), ४ आशय (कशावर करते), ६ निष्पत्ती (त्यातून काय निघतं), म्हणजे १२० वेगवेगळ्या क्षमता. पुढे त्यानंच हा आकडा १५० आणि मग १८० केला, तेव्हा पुस्तकात असेल तोच लिही. कॅटेलनं 'जी'चे दोन भाग केले: नवा प्रश्न सोडवणारी प्रवाही बुद्धिमत्ता आणि शिकून साठलेली स्फटिकी. स्टर्नबर्गचे तीन भाग (विश्लेषण, सर्जन, व्यवहार) तुला येतातच, असं पत्रावरून दिसतं.

गार्डनर मुलांना फार आवडतो, कारण त्याच्याकडे सगळेच हुशार ठरतात. १९८३ मध्ये त्यानं सात बुद्धिमत्ता सांगितल्या, आठवी निसर्गविषयक नंतर जोडली. तिचं उदाहरण आपल्या शिवारातलं दे. कपाशीचं फूल पुरतं न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलं, त्याची डोमकळी झाली, की अनुभवी शेतकरी लांबूनच सांगतो, आत गुलाबी बोंडअळी आहे. मात्र टीकाही लिही: या बुद्धिमत्ता खरंच एकमेकींपासून स्वतंत्र आहेत याला भक्कम पुरावा नाही, काहींना तर ती नुसती कौशल्यं वाटतात. ही ओळ बहुतेक उत्तरपत्रिकांत नसते.

आता तो ८८. बुद्धिमापनाची सुरुवात मुळात कुणाला ढ ठरवायला झालीच नाही. वर्गात मागे पडणाऱ्या, वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखायचं, म्हणून फ्रान्समध्ये बिनेनं सिमॉनला बरोबर घेऊन १९०५ मध्ये ३० कृतींची मापनश्रेणी केली. पहिली कृती काय, तर पेटत्या काडीमागे मुलाची नजर फिरते का बघायचं! बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, या समजुतीला खुद्द बिनेचा विरोध होता. मानसिक वयाला (मूल ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलाइतकं सोडवतं, ते वय) शारीरिक वयानं भागायचं स्टर्ननं सुचवलं, १०० नं गुणायची रीत टर्मननं १९१६ मध्ये रूढ केली. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय १२ असेल तर १२ भागिले १०, गुणिले १००, बुद्ध्यंक १२०. मोठ्यांना हे गणित लागू पडत नाही, कारण मानसिक वय वर्षागणिक वाढत जात नाही. म्हणून वेक्सलरनं १९३९ पासून आपल्याच वयोगटाच्या सरासरीशी तुलना सुरू केली. त्या हिशेबात सरासरी १००, आणि ८५ ते ११५ मध्ये सुमारे ६८ टक्के लोक बसतात. म्हणजे चाचणी अगदी खरी धरली, तरी ८८ हा चारचौघांतलाच आकडा.

आणि ती खरी धरायचीच कशाला? तू मराठी माध्यमाची, प्रश्न इंग्रजीत, त्यात मध्येमध्ये जाहिराती. भाषा आणि परिसर बदलला की चाचणी नव्यानं बसवावी लागते, म्हणूनच व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी वेगळी तयार केली. प्रमाणित चाचणी प्रशिक्षित माणूस समोर बसवून घेतो. दादाला हेही सांग, की नीटमध्ये भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र विचारतात, बुद्ध्यंक नाही.

पुढे याच विषयात जायचं असेल तर बी.ए., मग एम.ए. मात्र चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते, नुसत्या एम.ए.वर भागत नाही. बी.ए.चा अर्ज भरण्याआधी त्या कॉलेजात मानसशास्त्र तिन्ही वर्षं मुख्य विषय म्हणून घेता येतं का, ते ऑफिसात जाऊन विचार. काही ठिकाणी तो जोडविषयच असतो, आणि मग एम.ए.च्या प्रवेशाला अडचण येते.