रॅम वाढवता येत नाही असा जुना लॅपटॉप नेमका कधी बदलावा?

वय बघू नका, आधी सुरक्षा अपडेट येतात का ते बघा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, ते बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं, तेव्हा मशीन बाद ठरवण्याआधी चालू करून बघा. प्रोसेसरच विंडोज ११ च्या यादीत नसेल तर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकून ब्राउझिंग, लिखाण आरामात चालतं. बँकेचे व्यवहार मात्र अपडेट बंद झालेल्या मशीनवर करूच नका.

मग वेग. नेहमीचं काम चालू ठेवून टास्क मॅनेजर (मेमरी, डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्कही धावतेय, म्हणजे रॅम पुरत नाही आणि विंडोज डिस्कवर भागवतंय. रॅम सोल्डर केलेली (बोर्डावर कायमची जोडलेली) असेल तर याला इलाज नाही, नवीन घ्या. पण मेमरी रिकामी असून तापल्यावरच मशीन मंदावत असेल, तर पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) बदलल्याने फरक पडतो.

बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र वापर लगेच थांबवा. नवा घेताना किमान १६ जीबी रॅम घ्या.